चार पावसाळ्यांचा चौकोन

दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी धोंडूमामा कांदिवलीहून मुलुंडला येऊन पोहोचले ते बहिणीची बॅग भरली का, हे विचारतच.

"अजून निकाल लागायचाय, मामा," विद्याधर म्हणाला.

"निकाल काय लागाचो तो लागांदे. मी खाट घेतलंय." मामा पायरीवर बसून चपला काढू लागले. "नवारीची. खिडकीकडे लावलंय. बायक वारो नको लागाक?" बाय म्हणजे त्यांची बहीण, विद्याधरची आई रुक्मिणीबाई.

मामी गेल्यापासून मामांच्या घरी बांगड्याचं कालवण व्हायचं ते फक्त मुलुंडच्या घराला रंग लागायचा तेव्हा. खिडक्यादारांना नुसता ब्रश टेकला तरी रुक्मिणीबाईंची रवानगी भावाकडे व्हायची. त्यामुळे मुलुंडचं घर दर वर्षी रंगवलं पाहिजे, असं मामांचं प्रामाणिक मत होतं आणि ते ते लपवतही नसत.

रुक्मिणीबाईंचा दमा घरात सगळ्यांना ठाऊक होता, पण त्याची खरी ओळख झाली ती एकोणऐंशी साली, विद्याधरच्या लग्नात. अण्णांनी, म्हणजे विद्याधरच्या वडिलांनी, तेव्हा आपण नोकरीला असलेल्या रंगाच्या कारखान्यातून मोठ्या हौसेने ऑइल पेंटचे डबे आणून आख्खं घर बाहेरून रंगवून घेतलं होतं. घर आरशासारखं चमकायला लागलं आणि आठव्या दिवशी रुक्मिणीबाईंना श्वास घेता येईना. मुलाच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या तेव्हा आई हॉस्पिटलात नळी लावून बसलेली. नव्या सुनेने, वनमालेने, दारातलं माप ओलांडलं ते शेजारच्या प्रेमाकाकूंच्या समोर. त्या दिवसाचा विषय घरात कोणी काढत नसे, पण विसरलंही कोणी नव्हतं.

आता डिसेंबरात विद्याधरच्या बहिणीचं, सुगंधाचं, लग्न होतं. सात वर्षांपूर्वीच्या त्या ऑइल पेंटला पश्चिमेकडून पापड सुटले होते आणि लग्नघर म्हणजे रंग हवाच. कुठला, एवढाच प्रश्न होता. विद्याधर म्हणत होता, पुन्हा ऑइल पेंट. म्हणजे आईने आजच कांदिवलीला जायचं, दिवाळी तिकडेच करायची आणि वास मरेल तेव्हा, लग्नाच्या आदल्या दिवशी, परतायचं. वास तोवर मेला नाही तर काय, हे तो म्हणत नव्हता.

अण्णांचा रंग वेगळा होता. तीस वर्षं कारखान्याच्या परीक्षणखात्यात दुसऱ्यांचे रंग पास-नापास केल्यावर निवृत्तीच्या पहिल्याच महिन्यात त्यांनी स्वतःचा एक काढला. विरलेला चुना, ताकाचा चोथा, तुरटी आणि पिवळेपणासाठी रामरज. वास शून्य. मागच्या भिंतीवर, सगळा पाऊस जिथे आडवा येऊन आपटतो तिथले जुने पापड खरवडून, त्यांनी दोन हात उंच आणि दोन हात रुंद असा एक चौकोन रंगवला आणि कारखान्याच्या शिस्तीने जाहीर केलं: चार पावसाळे. मधे कोणी हात लावायचा नाही; ते स्वतःही दर वर्षी पाऊस संपल्यावरच तपासणार. टिकला तर आख्ख्या घराला हाच रंग, नाहीतर विद्याधर म्हणेल तो.

चौथा पावसाळा नुकताच गेला होता.

"ताक पिऊन कुणाची भिंत उभी राहिलीय का, मामा?" विद्याधर हसत म्हणाला. त्याच्या हातात अंधेरीच्या ऑफिसातल्या मित्राने दिलेलं शेडकार्ड होतं. "हे बघा. सात वर्षांची खात्री."

"झकास," मामा कार्डाकडे न बघता म्हणाले. "लवू इलो ना?"

"आलाय तो. मागे अण्णांबरोबर शिडी लावतोय."

विद्याधरने कार्ड घडी करून खिशात घातलं. लवू रंगारी येणार हे त्याला रात्रीच कळलं होतं आणि तेव्हापासून त्याला झोप नव्हती. ते मामांना दिसू नये म्हणून तो जरा जास्तच हसत होता.

---

स्वयंपाकघरात वनमाला पोह्यांवर खोबरं पेरत होती. सुगंधा दारात येऊन उभी राहिली. साखरपुड्याची अंगठी ती अजून दर दोन मिनिटांनी फिरवत असे.

"वहिनी, लवूने पत्रा आणलाय."

"कसला पत्रा?"

"खरवडायचा. अण्णा नुसतं पुसून बघणार होते ना?"

वनमालेचा हात खोबऱ्यातच थांबला. "पुसूनच बघणार. फार तर नाण्याने ओरखडा. दर वर्षी तेवढंच करतात."

"मग पत्रा कशाला?"

"मला काय माहीत? पण तुला एवढी काळजी कसली?"

"मला? मला कसली असणार? मी तर अण्णांच्या बाजूची आहे. तू दादाच्या बाजूची. काळजी तुला हवी."

वनमालेने खोबऱ्याची वाटी बाजूला ठेवली. ती जाहीरपणे नवऱ्याच्या बाजूची होती, हे खरं. रात्री पंखा बंद करताना मात्र तिला वेगळंच आठवे. या घराच्या उंबऱ्यावर ती नव्या नऊवारीत उभी होती आणि आत जाऊन पाया पडायला सासूच नव्हती. तिने देवाला नमस्कार केला, प्रेमाकाकूंना केला, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून तिसरा कोणाला करायचा ते तिला कळलं नाही. सुगंधाच्या वेळी ती खुर्ची रिकामी राहू नये, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिने दोन वर्षांपूर्वी एक उद्योग केला होता. तो तिच्यासारख्या शाळेतल्या बाईंना शोभणारा नव्हता.

"आई कुठायत?" तिने विचारलं.

"मागच्या पडवीत. तांदूळ निवडतेय. तिला विचारलं, बॅग भरू का, तर म्हणाली, तू नको हात लावूस, माझी मी बघते."

"चिडल्यात?"

"नाही गं. उलट गालातल्या गालात हसत होती."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग दोघींनी एकदमच पोह्यांच्या बशा उचलल्या.

---

मागच्या अंगणात अण्णांनी धुवट पांढरा सदरा घातला होता. कारखान्यात मोठे साहेब यायचे त्या दिवशी ते असाच घालत. हातात परीक्षणाची वही, कानावर पेन्सिल. भिंतभर जुन्या ऑइल पेंटचे पापड लोंबत होते आणि त्यांच्या मधोमध तो चौकोन, फिकट पिवळा, सपाट, नुकत्याच धुतलेल्या पाटासारखा दिसत होता.

"सगळ्यांनी नीट बघा," अण्णा म्हणाले. "मागाहून कुरकुर नको. सुगंधा, काळं फडकं."

त्यांनी फडकं भिंतीवर दहा वेळा घासलं आणि उलटं करून दाखवलं. पूड नावाला होती. ओलं फडकं घासलं, रंग सुटला नाही. नाण्याने रेघ मारली, खपली निघाली नाही. प्रत्येक वेळी ते वहीत काहीतरी लिहीत आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज एक पायरी वर जाई.

"काय विद्याधर? ताकाला काय म्हणतोस आता?"

"पास," विद्याधर म्हणाला.

अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणालास?"

"पास म्हटलं. मान्य. तुमचाच रंग लावू. चला, पोहे गार होतायत."

मामांचं तोंड उतरलं. "अरे, असो कसो सोडतस? झगड जरा."

"मामा, पुराव्यापुढे काय झगडायचं?"

हेच त्याचं चुकलं. आयुष्यात कधी वडिलांचं पहिल्या फटक्यात मान्य न केलेला मुलगा पोह्यांसाठी शरण आला, हे परीक्षणखात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला पटणारं नव्हतं. अण्णांना वाटलं, पोरगा आपल्यावर दया करतोय. दयेने पास झालेला रंग त्यांना नको होता.

"नाही," ते म्हणाले. "उद्या म्हणशील, म्हाताऱ्याचं मन राखलं. पुरी परीक्षा होऊ दे. लवू, पत्रा लाव. भिंतीला किती धरलंय ते बघ."

"अण्णा, कशाला उगाच चांगल्या रंगाची वाट लावताय?" सुगंधा म्हणाली.

"सगळा नको खरवडायला," वनमाला म्हणाली.

"राहू दे ना," विद्याधर म्हणाला.

तिघांनी एकदम बोलून एकमेकांकडे पाहिलं. पडवीत रुक्मिणीबाई सुपातला खडा वेचत राहिल्या.

लवूने चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यात पत्रा टेकवला आणि तिरका धरून हलके ओढला. तो वेंगुर्ल्याकडचा, साठीचा, कमी बोलणारा माणूस. जुन्या भिंतीला रंगाचे किती हात बसलेत हे तो असं कोपऱ्यात उतरत उतरत बघत असे. घरमालक काहीही सांगो, लवू भिंतीला विचारी. त्याने चार बोटं जागा पायरीपायरीने उतरवली, वाकून पाहिलं, ओला अंगठा फिरवला, पुन्हा पाहिलं.

"अण्णानू," तो म्हणाला, "तुम्ही कितके हात मारलात?"

"दोन. ब्याऐंशीच्या नोव्हेंबरात."

"ह्ये दोन नाय."

"म्हणजे?"

"तुमचे दोन खाली आसत. तेंची पूड झाली." लवूने नखाने सर्वांत तळाची पिवळी भुकटी उडवली. "पैल्याच पावसात झाली आसतली. तेच्यावर आनी हात आसत. येगळ्येगळ्या मान्सांचे."

अण्णा वाकले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. खरवडलेल्या कोपऱ्यात रंगांच्या पट्ट्या एकाखाली एक दिसत होत्या. वरची पिवळी. तिच्याखाली किंचित हिरवट. तिच्याखाली खरखरीत, कण असलेली. तिच्याखाली पुन्हा पिवळी. आणि तिच्याखाली, भुकटीच्या वर, चक्क एक फिकट लाल पट्टी.

"लाल?" अण्णा म्हणाले. "लाल कुठून आला?"

वनमालेने ती पट्टी पाहिली आणि तिला तीन वर्षांपूर्वीचा हळदीचा डबा आठवला. पितृपक्षात अण्णा दर वर्षीप्रमाणे म्हाळासाठी गावाला गेले होते त्याच आठवड्यात तो एका दिवसात रिकामा झाला होता आणि तिने मोलकरणीला, द्रौपदीला, उगीचच दोन शब्द सुनावले होते.

"चुन्यात हळद घातली की कुंकू होतं, हे बाईमाणसाला शिकवावं लागत नाही," ती सावकाश म्हणाली. "हा हात पुरुषाचा आहे."

सगळ्या नजरा विद्याधरवर गेल्या. मामा तर पायरीवरून उठूनच उभे राहिले.

"रामरज संपली होती," विद्याधर भिंतीकडे बघत म्हणाला. "डब्याच्या तळाला चमचाभर होती. म्हटलं पिवळा तर पिवळा, हळद काय नि रामरज काय. हात मारला आणि बघतो तर भिंत लाल. बाजारात धावलो, रामरज आणली, वरून लगेच दुसरा मारला."

"तू?" अण्णा म्हणाले. "शेडकार्डवाला तू?"

"पहिल्या पावसातच धुऊन निघाला होता, अण्णा. तुम्ही गावाहून येऊन बघितलं असतंत तर..." तो थांबला. "आईला परत कांदिवलीला जावं लागलं असतं."

"आणि तोंडाने ऑइल पेंट, ऑइल पेंट करत होतास तो?"

"तुमचाच रंग लागावा, असं वाटायचं. मी विरोध केला तर तुम्ही हट्टाने तो पुरा कराल. तुमचा स्वभाव मला माहीत आहे."

सुगंधा पदरात तोंड घालून हसायला लागली होती. लवूने खरखरीत पट्टीवर अंगठा फिरवला. "ही रांगोळी," तो म्हणाला.

"माझी," वनमाला म्हणाली. "पिवळी रांगोळी चाळून घातली होती. चाळण मोठी निघाली. चौऱ्याऐंशी साली. मला वाटलं, मी एकटीच."

"आणि हिरवट माझा," सुगंधा म्हणाली. "कपडे उजळतात म्हणून नीळ घातली. जरा जास्त पडली."

क्षणभर अंगणात हशा पिकला. मामासुद्धा हसले. अण्णा हसले नाहीत. ते वहीची मागची पानं उलटत होते. त्र्याऐंशी: उत्तम. चौऱ्याऐंशी: उत्तम. पंच्याऐंशी: उत्तम, किंचित हिरवट झाक, बहुधा शेवाळ. स्वतःच्याच अक्षरातला तो शेवाळाचा शेरा वाचून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीस वर्षं ते संध्याकाळी कारखान्यातून घरी येत तेव्हा कपड्यांना टर्पेंटाइनचा वास असे. रुक्मिणी ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवी आणि धुताना खोकत असे. त्यांना तो खोकला ऐकू येत असे आणि ते पेपर वाचत असत. निवृत्त झाल्यावर त्यांना तिच्यासाठी एकच गोष्ट करायची होती, आणि ती पहिल्याच पावसात वाहून गेली होती. मुलांनी इतकी वर्षं त्यांना सांभाळून घेतलं होतं, याने त्यांना गहिवरूनही येत होतं आणि लाजही वाटत होती.

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून वहीत एक शब्द लिहिला.

"नापास," ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. विद्याधर, ऑइल पेंट सांग लवूला."

"अण्णा, अहो..."

"नापास म्हटलं ना. मी दुसऱ्यांचे रंग याच्याहून कमी चुकीला परत पाठवले आहेत. हाताने उचलून धरलेला रंग टिकाऊ होत नाही."

मामा हळूच म्हणाले, "मगे मी बॅग आणतंय," आणि आत गेले. आता त्यांच्या आवाजातही खाटेचा उत्साह उरला नव्हता.

"थांबा जरा," पडवीतून रुक्मिणीबाई म्हणाल्या.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि चौकोनापाशी आल्या. त्या दर दुपारी याच पडवीत बसत. भिंत इथून चार पावलांवर. पहिल्या वर्षी विद्याधर लाल हातांनी कावराबावरा होऊन धावला होता तेव्हा त्या खिडकीआड तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. दुसऱ्या वर्षी सून, तिसऱ्या वर्षी लेक. प्रत्येकाने आधी आत डोकावून आई झोपलीय ना, ते बघितलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्या झोपल्या होत्या.

"लवू, सगळ्यात वरचा हात कोणाचा ते नाही सांगितलंस," त्या म्हणाल्या.

लवूने पत्रा खाली ठेवला. विद्याधरने वनमालेकडे पाहिलं, वनमालेने सुगंधाकडे.

"मी नाही," सुगंधा म्हणाली. "यंदा साखरपुड्याच्या गडबडीत राहूनच गेलं."

"मी समजले तू लावलास," वनमाला म्हणाली.

"मला वाटलं तुम्ही दोघींपैकी कोणी," विद्याधर म्हणाला.

"वाट बघितली मी," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "हे गावाला गेले, दोन दिवस झाले, चार झाले. एकाचा पत्ता नाही. सगळे साड्यांत आणि आमंत्रणांत. शेवटी मीच चुना कालवला."

अण्णांच्या हातातली पेन्सिल खाली आली. "तू?"

"मग कोण? हळद घातली नाही, रामरजच घातली. बादलीत तोंड घालून कालवला. स्टुलावर चढून दोन तास लावला. शेजारी प्रेमाला विचारा, ती स्टूल धरून उभी होती."

"आणि खोकला?" अण्णांनी विचारलं.

"नाही आला. रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही." त्यांनी पदराने कपाळ टिपलं. "रंग टिकतो की नाही, याची परीक्षा चार वर्षं केलीत. मी टिकते की नाही, याची कोणीच केली नाही. ती मी केली. मी पास झाले."

अण्णांचे डोळे भरले होते आणि ते लपवायला त्यांच्याकडे वहीच होती. त्यांनी ती तोंडासमोर धरली.

"पण दर वर्षी लावावा लागेल, आई," विद्याधर म्हणाला. "आख्खं घर."

"मग लावू. तीन तर तयार रंगारी आहेत घरात. एकाला हळदीपासून लांब ठेवलं म्हणजे झालं."

लवूने चौकोनावर उलटी बोटं वाजवली, मग शेजारच्या ऑइल पेंटवर. ऑइल पेंट पोकळ वाजला आणि एक पापड गळून पडला. "जुन्या चुन्याच्या भितीक चुनोच बरो," तो म्हणाला. "ऑइल लावलास की आतलो ओलावो भायर येवचो खंयसून? ह्यो बगा, पाच पातळ हात एकावर एक बसले, आता दगड झालो. पैल्या वर्साक पुडी जातली. दर वर्साक एक हात मारात रवा, मगे धरता."

"म्हणजे माझा रंग चुकीचा नव्हता?" अण्णांनी वहीआडून विचारलं.

"रंग बरो आसा. तुमी दोनच हात मारून गावाक गेलात, ता चुकला."

यावर मात्र अण्णासुद्धा हसले. ते पायरीवर बसले, वही गुडघ्यावर उघडली आणि खोडरबराने 'नापास' पुसून टाकलं. विद्याधर त्यांच्या खांद्यावरून वाचत होता. वास, या रकान्यात त्यांनी लिहिलं: नाही. टिकाऊपणा: एक वर्ष. मग बराच वेळ पेन्सिल तशीच धरून शेवटी खाली, सूचनेच्या जागी, कारखान्याच्या डब्यांवर असते तशा ठळक अक्षरांत लिहिलं: दर पावसाळ्यानंतर एक हात. लावताना कोणीही घर सोडून जाण्याची गरज नाही.

"कोणीही काय?" रुक्मिणीबाई म्हणाल्या. "माझं नाव लिहा."

त्यांनी लिहिलं.

वनमालेने पुढे होऊन सासूच्या हातावरची चुन्याची जुनी भेग पाहिली. ती तिला महिनाभर दिसत होती आणि भांडी घासून पडली असेल असं तिला वाटलं होतं. ती वाकून पाया पडली. सात वर्षांपूर्वी राहिलेला तो तिसरा नमस्कार होता, हे तिने सांगितलं नाही आणि रुक्मिणीबाईंनी विचारलं नाही. त्यांनी फक्त तिच्या डोक्यावर हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवला.

तेवढ्यात धोंडूमामा बॅग घेऊन दारात आले. बाहेर काय काय झालं ते त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी बॅग वर-खाली करून पाहिली.

"बाय, ही इतकी हलकी कशी?"

"मी भरलीच नव्हती," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"पण आत कायतरी वाजता."

"तुझो मसालो आसा. आठ दिवसांमागे कुटून ठेवलंय. घेवन जा, आनी कालवण करूक शिक आता."

मामांनी बॅग उघडून बरणी काढली, झाकण किंचित फिरवून हुंगली आणि तिथेच पायरीवर, अण्णांच्या शेजारी, बसले.

"शिकतंय," ते म्हणाले. "पन भावोजी, ती खाट मी हयच आणून घालतंय. लग्नाक मी आठ दीस आधी येतलंय."